अव्वाने मोजलेला दिवा

कोल्हापूर,
ता. १६ जानेवारी २००४

ती. गुरुपाद मामा यांस,

सोमशेखरचे शरणु शरणार्थी. बेळगावची हवा तुमच्या गुडघ्याला मानवली असेल. अव्वा विचारते, तेल चोळता की बाटली नुसती उशाशी ठेवता? इकडे आम्ही ठीक. गाडीबद्दल तेच म्हणता येणार नाही, म्हणून हे पत्र.

जाताना तुम्ही म्हणाला होता, अव्वाला या गाडीतून नेसरीला आक्काकडे सुखरूप पोचव, गाडी तुझी. नाही जमले तर आकाराम मिस्त्री वर्षभर मागतोच आहे. आक्का अंथरुणाला आहे. अव्वाची पाठ एस.टी.ला तयार नाही. तुमच्या या दोन बहिणी दोन वर्षे भेटलेल्या नाहीत. त्यामुळे मी जबाबदारी गंभीरपणे घेतली. (लायसन्स माझ्याकडे सात वर्षे आहे. गाडी नव्हती.)

चार तारखेला, रविवारी, निघालो. कागलमध्ये एक म्हैस रस्त्याच्या मधोमध थांबली, म्हणून मीही थांबलो. म्हैस निघाली. गाडी निघेना. तेव्हा मला समोर एक पिवळा दिवा दिसला, त्यावर इंजिनाचे चित्र. हा दिवा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. (किल्ली फिरवताना मी डोळे मिटतो.) दिवा पेटलेला असताना इंजिन पुन्हा सुरू करणे मला पटले नाही. उसाचा एक ट्रॅक्टर मोकळा परतत होता. त्याने दोर बांधून आम्हाला कोल्हापुरात आणून सोडले. अव्वा सगळा रस्ता ताठ बसून होती.

आकाराम आला. तो जीप आणि ट्रॅक्टरचा माणूस. दिव्याची ही त्याची पहिलीच गाडी. मात्र त्याच्याकडे एक झेरॉक्स कागद होता. म्हणाला, "हिला तोंड न्हाय, सर. दिवा मिचकावून सांगती काय दुखतंय ते. मोजायचं आपण." बॉनेटखाली दोन टोके असतात, ती तारेने जोडली की दिवा मिचकावू लागतो. आधी दशक, मग थोडा थांबतो, मग एकक. जो आकडा येईल तो कागदावर पाहायचा. तार नव्हती, म्हणून अव्वाने केसांतली पिन काढून दिली. ती पिन धरून आकाराम बॉनेटखाली वाकला, अव्वा दिव्यासमोर बसली, मी वही घेतली. इंजिन सुरू करून पाहू, असे तो दोनदा म्हणाला. मी करू दिले नाही. (गाडी तुमची आहे.)

अव्वाने तुमच्या दुकानात पंचवीस वर्षे ज्वारी मापली. तिच्या मोजण्यावर शंका घेणारा मी कोण? ती "लाभ" म्हणाली, कारण मापात एक कधी म्हणत नाहीत. थांबली. मग "लाभ, दोन, तीन." मी तेरा लिहिले. कागदावर तेरा म्हणजे सायलेन्सरकडचा सेन्सर. तो पुण्याहून यायला सहा दिवस लागले. रोज संध्याकाळी नेसरीहून आक्काच्या शेजारणीचा, झुंबरबाईंचा, फोन. "येतायसा का न्हाई? म्हातारीनं खाट दारात घ्याया लावलीया की!"

सेन्सर बसवला. पुन्हा मोजले. पुन्हा तेरा. आकारामने नवा काढून जुना घातला. तरी तेरा. मग मी अव्वाशेजारी जाऊन बसलो. एककाच्या खेपेला दिवा दोनदा मिचकावला आणि थांबला. अव्वा म्हणाली, "तीन."

मी म्हणालो, तिसऱ्यांदा कुठे पेटला?

"त्यो वरचा. मापून झालं की शेवटाला एक वर घालायचा. गुरुपादच्या दुकानातनं गिऱ्हाईक कोरडं गेलं न्हाय कधी."

म्हणजे मामा, हा बिघाड तुमच्या दुकानातला आहे.

खरा आकडा बारा. आकारामचा कागद तेरापासून सुरू होतो. वरचा भाग फाटलेला आहे. ज्या बिघाडाचा कागदच कोणी फाडून नेला तो साधा नसणार, असे माझे मत झाले. तात्पर्य, तुम्ही दिलीत तेव्हाच गाडी आतून आजारी होती. तरी ठरलेली अट मी मोडली असे समजू नये, आणि दुरुस्त होईपर्यंत गाडी माझ्याकडेच असू द्यावी.

आपला,
सोमशेखर

ता. क. आकाराम गारगोटीच्या एका मिस्त्रींकडे जाऊन पूर्ण कागद पाहून आला. बारा म्हणजे इंजिनात काही बिघाड नाही. किल्ली फिरवलेली आणि इंजिन बंद असले की तो दिवा रोजच पेटतो. कागलला माझा पाय क्लचवरून सुटून इंजिन बंद पडले होते, एवढेच घडले. वरचा मजकूर या माहितीसह वाचावा.

ता. क. २. आकारामने किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. अव्वा पिशवी घेऊन पुढे बसली. मी ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले. ती म्हणाली, "तू न्हाय. आकाराम चालवंल. मला आक्काला भेटायचंय, म्हशीला न्हाय." मागे बसतो म्हणालो, तर मागे तिने गादी घातलेली. येताना आक्काला घेऊन येणार होती. मला भात लावायला सांगून गेली.

ता. क. ३. संध्याकाळी तिघे आले. आक्का मागच्या सीटवर आडवी, अव्वा पुढून मागे हात करून तिचा हात धरून बसलेली. गाडी इतकी अलगद कशी आणलीस, असे आक्काने आकारामला विचारले. तो म्हणाला, "सरांनी शिकवलं." आक्का तेव्हापासून माझ्याकडे फार कौतुकाने पाहते आहे. गाडी आकारामला द्यावी. आक्काला मात्र काही कळवू नये.