रोझाआजींचं राहिलेलं मेज

५ सप्टेंबर २०११, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून शिस्त.

‘कुठले कोण’ सुरू होऊन दोन महिने झाले. आमच्यासारखे कोरियन, उइगुर, चिनी मुसलमान असलेले दुंगान, जे जे आशियाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात येऊन पडले, त्या सगळ्यांनी लिहावं-वाचावं असा हा एकमेव ब्लॉग. निदान ताश्कंदमधला. निदान आमच्या बिल्डिंगमधला तरी नक्कीच.

संकल्प: रोज एक पोस्ट. वर्षअखेर दहा हजार वाचक. आणि सर्वांत महत्त्वाचं, मी स्वतः लिहायचं नाही, लोकांना लिहितं करायचं. म्हणून तर माझं नाव कुठेही टाकलेलं नाही. खाली फक्त ‘संपादक मंडळ’.

कालचे वाचक सात. त्यातला एक मी घरून, एक मी ऑफिसातून.

९ सप्टेंबर, शुक्रवार

लेखकांची बैठक, आमच्याच घरी. बोलावले नऊ, आले दोन: एक उइगुर दंतवैद्य आणि एक निवृत्त दुंगान मास्तर. माझ्या बायकोने, व्हेनेराने, कोबी-मांसाच्या चाळीस पिगोदी वाफवल्या होत्या. दोघांनी मिळून एकतीस खाल्ल्या. सामूहिक लेखनाच्या भवितव्यावर मी पाऊण तास बोललो. दंतवैद्य म्हणाले, लिहितो की, सवड झाली की लिहितो. मास्तर म्हणाले, सोबत थोडी चटणी द्या बांधून.

सुरुवात आश्वासक आहे. व्हेनेराला तसं वाटत नाही. ती म्हणाली, अपोलोन शेगाय, तुम्ही खानावळ काढा, जास्त चालेल.

१४ सप्टेंबर, बुधवार

पोस्ट नाही. इंटरनेट संथ होतं.

१५ सप्टेंबर, गुरुवार

पोस्ट नाही. इंटरनेट बरं होतं, पण मूड नव्हता.

१८ सप्टेंबर, रविवार. दुपारी

आईचा फोन. ऐन कामाच्या वेळी! ट्रामने वीस मिनिटांवर राहते, पण फोनवरच चाळीस मिनिटं बोलते. मी स्पीकर लावून ठेवला आणि मधूनमधून ‘हं, हं’ म्हणत होतो. पुन्हा तेच: सरकारने आम्हा कोरियनांना सक्तीने इकडे हलवलं ती सदतीस सालची आगगाडी, गुरांचा डबा, त्यात तिचा जन्म, नाळ कापायला कुणाच्या तरी शिंप्याची कात्री. मग वर्ष झालं तेव्हा जमिनीत खड्डा खणून त्यात राहत होते, तर पहिल्या वाढदिवसाचं मेज कोण मांडणार. ऐकता ऐकता माझी बोटं आपोआप टाइप करत होती. संपादकाची बोटं.

२१ सप्टेंबर, बुधवार

नवीन लेखिका मिळाली! रोझाआजी, वय ७४, मुक्काम दूर उत्तरेकडे कारागांदा. गाडीच्या डब्यात जन्म. शैली साधी पण हृदयाला भिडणारी.

म्हणजे मीच. पण यात गैर काय? आई सांगते ते विस्कळीत असतं, मध्येच टोमॅटोचे भाव येतात. त्याला घाट देणं म्हणजेच साहित्य. शिवाय आईचं नाव घातलं तर घरगुती मामला होतो. वाचकांना एक व्यवस्थित आजी लागते.

२२ सप्टेंबर

एकसष्ट कमेंट. एकसष्ट! मॉस्को, सोल, अल्माटी, एक तर न्यूयॉर्कहून. ‘आजी, रडवलंत.’ मी ऑफिसात सगळ्या वाचल्या. साहेब मागे येऊन उभे राहिले तरी कळलं नाही.

२ ऑक्टोबर, रविवार

रोझाआजींची चौथी पोस्ट, आत्तापर्यंतची सर्वोत्तम. विषय: तीन मेजं.

आपल्यात, कोरियनांत, माणसाच्या वाट्याला तीन मेजं येतात. पहिल्या वाढदिवसाचं आणि लग्नाचं आईबाप मांडतात, साठीचं पोरं मांडतात. पहिलं चुकलं तर पुढची मांडायची नाहीत, हा नियम. रोझाआजी लिहितात, पहिलं नाही म्हणून लग्नाचंही नाही, कचेरीत सही करून मोकळे. साठीलाही नाही. दुसऱ्यांच्या मेजांवर जन्मभर पिगोदी लाटल्या, पण माझ्यासमोर कुणी वाकलं नाही.

शेवटचं वाक्य आईचंच, शब्दशः. ती हसत हसत म्हणाली होती.

पोस्टखाली एकाने विचारलं, पोरं कुठे मेलीत यांची? म्हणून तातडीने एक ओळ घातली: ‘मला मूलबाळ नाही.’ आता सगळं तर्कशुद्ध झालं.

(आईच्या साठीला, सत्त्याण्णवमध्ये, मीच म्हणालो होतो की नियम म्हणजे नियम. ती म्हणाली, हो रे, नियम आहेच. तिला काही वाटलं नव्हतं. मी तेव्हा नोकरीत नवीन होतो.)

१० ऑक्टोबर, सोमवार

वाचक चार हजार. पण एक अडचण.

मॉस्कोच्या क्लारा पेत्रोव्हना तेन, आमच्या सर्वांत जुन्या वाचक, चाळीस वर्षं शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी जाहीर केलं की रोझाआजींची राहिलेली मेजं आपण वाचकांनी मांडायची. पहिलं आणि साठीचं एकाच दिवशी, आधी पहिलं मग साठीचं, म्हणजे नियमही मोडत नाही. तेरा नोव्हेंबर, ताश्कंद. हॉल ठरवला. विमानाचं तिकीटही काढलं. संपादक मंडळाने आजींना कारागांदाहून घेऊन यावं.

मी उत्तर दिलं: स्तुत्य कल्पना! मंडळ विचार करेल.

मंडळ तेव्हापासून जेवलेलं नाही.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

आईचा फोन. तिची शेजारीण मुहब्बत शाळेत नोकरी करते, ती म्हणे कुठल्याशा ब्लॉगची पानं प्रिंट करून आणते. मोठ्या अक्षरात. आई रोज चष्मा लावून वाचते. म्हणाली, अरे, एक रोझा म्हणून बाई आहे, अगदी माझ्यासारखंच सगळं. शिंप्याची कात्रीसुद्धा! म्हणजे आम्ही एकाच डब्यात जन्मलो असणार. शेजारी शेजारी रडलो असू रे! तू कम्प्युटरमधला माणूस, तिचा नंबर काढून दे ना. माझ्या बरोबरीचं आता बोलायला कुणी उरलेलं नाही.

मी म्हणालो, सर्व्हर डाऊन आहे.

ती म्हणाली, बरं, मग उद्या बघ.

१४ ऑक्टोबर

आईचा फोन. उचलला नाही. डेडलाईन होती.

१५ ऑक्टोबर

आईचा फोन. डेडलाईन.

१९ ऑक्टोबर, बुधवार

उपाय एक: रोझाआजींना प्रवास झेपत नाही. पोस्ट टाकली. क्लारा पेत्रोव्हनांचं उत्तर अकरा मिनिटांत: मग आपण सगळे कारागांदाला जाऊ, पत्ता द्या.

उपाय दोन: एखादी आजी मिळवणे. कुइल्युक बाजारात गाजराची कोशिंबीर विकणाऱ्या एका म्हातारीला आडून आडून विचारलं की एक दिवस रोझा व्हाल का. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाली, लाज आहे का थोडी, बायको असेल घरी. अख्खी ओळ हसली. घाईघाईत दोन किलो कोशिंबीर घेऊन आलो.

व्हेनेराने कोशिंबीर बघितली, मला बघितलं, आणि सगळं वदवून घेतलं माझ्याकडून.  म्हणाली, उठा, आईंकडे जा आणि सांगा.

जातो म्हणालो. रविवारी.

२३ ऑक्टोबर, रविवार

गेलो होतो. आई रोझासाठी मोजे विणत होती. कारागांदाला थंडी फार म्हणून. मी चहा प्यायलो, बल्ब बदलला आणि परत आलो. बल्ब बरेच दिवस गेलेला होता म्हणे.

२९ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ११

उपाय तीन. फार विचार केला. लेखकाला कधीकधी कठोर व्हावं लागतं.

‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की आमच्या लाडक्या रोझाआजी काल पहाटे झोपेतच गेल्या. त्यांच्या इच्छेनुसार सर्व विधी उरकले आहेत. – संपादक मंडळ.’

सुटलो. आता मेजाचा प्रश्नच नाही. सोमवारपासून नवी सुरुवात, रोज एक पोस्ट.

२९ ऑक्टोबर, दुपारी ४

तीनशे कमेंट. सोलमध्ये कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाने लिहिलंय की माझ्या आईच्या वेळी मला जाता आलं नव्हतं, आज यांच्यासाठी मशीन बंद करून रडलो. मी पुढच्या वाचल्या नाहीत.

मुहब्बतचा फोन आला. तिने पहिल्यांदाच केला. म्हणाली, तुमच्या आई, अगाफ्याआजी, सकाळपासून जेवल्या नाहीत, खिडकीत भाताची वाटी ठेवून बसल्यात. मी त्यांना विचारलं कुणासाठी. तर म्हणे डब्यातली मैत्रीण गेली. तुम्ही येता का?

मी येतो म्हणालो. गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? मला माझीच शिसारी आली.

हे वाक्य खोडायचं होतं. राहू दे.

१ नोव्हेंबर, मंगळवार

क्लारा पेत्रोव्हना ऐकणाऱ्यांतल्या नव्हेत. तिकीट परत होत नाही, हॉल ठरलाय, मेजावरचा अख्खा कोंबडा सांगून झालाय. मेज मांडायचंच. रोझाआजींच्या नावाने दुसऱ्या कुणासाठी, ज्यांचं असंच राहून गेलंय. वाचकांनी नावं सुचवावीत.

बरं आहे. माझा काही संबंध नाही.

३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी १

कमेंट आली: ‘मी कोरियन नाही, उझ्बेक आहे, लिहिलं तर चालेल ना? आमच्या शेजारी अगाफ्याआजी आहेत. गाडीतच जन्मल्या. एकही मेज नाही. मुलगा आहे, याच शहरात, पण तो फार बिझी असतो म्हणून मी लिहिते. – मुहब्बत.’ खाली पत्ता.

दुपारी १.०४

कमेंट काढून टाकली. तांत्रिक कारण.

दुपारी १.३०

क्लारा पेत्रोव्हनांची कमेंट: मघाची कमेंट कुठे गेली? पत्ता मी वहीत उतरवून घेतला होता म्हणून बरं. ठरलं. अगाफ्याआजीच.

६ नोव्हेंबर, रविवार

आईचा फोन. उचलला. घाबरलेली होती. कुणीतरी माझं मेज मांडतंय रे, ओळख ना पाळख, नको म्हणून सांगू का? मी म्हणालो, नको सांगूस. ती म्हणाली, तू येशील ना? आपल्यात मुलगा लागतो. तुला सुट्टी मिळेल का?

रविवार आहे आई, म्हणालो.

हो का, म्हणाली, मग बरं झालं.

फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन बसलो. व्हेनेरा बाहेरून म्हणाली, नळ सोडून रडू नका, पाणी वाया जातं.

१२ नोव्हेंबर, शनिवार

अंतिम संकल्प. उद्या सर्वांसमोर उभा राहून सांगणार: रोझा मीच. बोलणं माझ्या आईचं, चोरी माझी, मारली पण मीच. चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलंय. शर्ट इस्त्री केला.

१३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७

झालं सगळं.

ऐंशी माणसं आली होती. अल्माटीहून अख्खी बस. आई मेजाच्या मध्यभागी, मुहब्बतने शिवून दिलेल्या निळ्या ड्रेसमध्ये, एवढीशी. समोर चोचीत लाल मिरची धरलेला कोंबडा, तांदळाच्या वड्यांची उतरंड. आधी सगळे रोझाआजींसाठी उभे राहिले, एक मिनिट. मीही उभा राहिलो. आईने डोळे पुसले. विणलेले मोजे तिने मेजावर ठेवले होते.

मग पहिलं मेज. लहान मुलाचं पुढचं आयुष्य ओळखायला ठेवतात तसं तिच्यापुढे पुस्तक, दीर्घायुष्याचा धागा, कात्री, भरल्या पोटाचे तांदूळ. उचला आजी, काय उचलता? तिचा हात धाग्याकडे गेला आणि मागे आला. म्हणाली, आयुष्य आता पुरे झालं. सगळे हसले. मग तिने तांदळात हात घातला आणि मूठ भरून घेतली. बराच वेळ सोडलीच नाही.

नंतर साठीचं. थोरल्या मुलाने पुढे यावं, असं पुकारलं. गेलो. पेला भरून दोन्ही हातांनी दिला. जमिनीला कपाळ टेकून वाकलो. कपाळ टेकलेलं असताना वाटलं की इथूनच बोलावं, कुणाचं तोंड दिसत नाही. पण उठेपर्यंत पुढचा पाहुणा वाकायला आला होता.

क्लारा पेत्रोव्हना प्रत्यक्षात फार बुटक्या आहेत. मला कोपऱ्यात घेतलं. तुम्हीच का ते बिझी चिरंजीव? काय करता? मी म्हणालो, कम्प्युटर. त्या म्हणाल्या, मग ‘कुठले कोण’ वाचत चला थोडं. रोझाआजींचं सगळं वाचा. आईशी कसं वागावं ते कळेल.

मी हात खिशात घातला. चिठ्ठी होती. म्हणालो, वाचतो.

मग आईच्या शेजारी बसलो. तिने स्वतः कोंबड्याची तंगडी मोडून माझ्या ताटात घातली, वर रस्सा. हळूच म्हणाली, सारखा मनात विचार येतो रे त्या रोझाचा. मेज तिचं, आणि बसले मी. पण बिचारीला पोटचं कुणी नव्हतं, म्हणून तिला सगळं परक्यांना लिहून सांगावं लागलं. माझं तसं नाही. मला तू आहेस.

खा, म्हणाली. गार होईल.

मी खाल्लं.