लाटण्यानं छापलेली बाई

मंगळवार, दिवेलागण. उंद्री.

सुटले एकदाची! दुपारी तर वाटलं होतं, उद्याच्या मोर्चात हात हलवत जावं लागणार.

बाजारातल्या भाजीवाल्यांच्या जागा काढून घेतायत, म्हणून आमच्या छापगटानं पोस्टर करायचं ठरवलं. डोक्यावर टोपलं घेतलेली एक बाई मी फरशीवर घालतात त्या लिनोलियमच्या तुकड्यावर कोरली. चार दिवस लागले. मशीन नाही, म्हणून ठशाला शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि त्यावर लाटणं फिरवायचं. भाजीवाल्याच आल्या छापायला, घरची लाटणी घेऊन.

शंभरदा सांगितलं, कागद हलवू नका. पण हातांना सवय पोळीची! लाटणं फिरलं की कागद थोडा वळायचाच. बाई दुहेरी, तिहेरी उमटायला लागली. मी किती बोलले त्यांना. म्हटलं, माझी रेघ बिघडवलीत. माझी!

त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गंगूबाईंनी वाळत घातलेला एक कागद निरखला.

"काऊन चिडून राह्यली वं पोरी? बाजारात थे एकटी बसते का? पाय, मांगं आमी हावो ना."

मग पाहिलं. खरंच, तिच्या खांद्यामागून दुसरी निघत होती, तिच्यामागून तिसरी. कोरताना मला एकच का दिसली?

उरलेले कागद मीही लाटण्यानं छापायला बसले. वळवायचं ठरवूनसुद्धा माझा हात घट्टच राहिला, पहिली बाई एकेरी आली. गंगूबाईंनी ती बाजूला काढली.

"हिले राहू दे घरी. मोर्चात एकटीनं जात नसतात."