दिलीपच्या सायकलीत हवा

नाशिक, गुरुवार, ऑगस्ट १९८१

आज कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकवलं, की आधार नसलेल्या समजुतीला ज्ञान म्हणता येत नाही. घरी आले तर आई दिलीपची सायकल पुसत होती. कोपऱ्यावर नेऊन तिने चाकांत हवासुद्धा भरून आणली होती. माझा भाऊ दिलीप मनमाडला नोकरीच्या मुलाखतीला गेला तो परत आलाच नाही. कितीतरी वर्षं झाली. पोलिसांनीही शोध सोडला.

मी चिडलेच. "आई, तो येईल असं मानायला तुला आधार काय?"

"आणि येणार नाही म्हणायला तुझ्याकडे काय आहे?"

काय आहे? त्याचं एक पत्र नाही, एवढंच. हा पुरावा, की वाट बघायचा मला आलेला कंटाळा? आई सायकलच पुसत राहिली. शेवटी तिच्याकडे बघवेना म्हणून म्हणाले, "येईल गं तो."

आईचा हात थांबला.

"असं नको म्हणूस. तू नाही म्हणतेस तेव्हा मला भांडता तरी येतं. हो म्हणालीस की भीती वाटते."