तेरावी कामटी

प्रिय आई,

हे पत्र ताईकडून वाचून घेऊ नकोस. ओळींखाली बोट धरून, सावकाश, तूच वाच. मला घाई नाही, इथे कोण वाट बघतंय. खोलीत एक खुर्ची आहे, तिच्यावर मी शर्ट टाकून ठेवतो, म्हणजे कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. घरमालकिणीचं मांजर येतं अधूनमधून, पण आलं तरी पाठ करूनच बसतं. असो, मांजराचं काय सांगत बसलो.

सध्या रंगकाम करतो. आधी एक गॅरेज, मग दवाखाना, आणि गेल्या आठवड्यापासून विद्यापीठातला गणित विभाग. हो, तोच, जिथून मी दोन वर्षांपूर्वी पळालो. मुकादम म्हणाला, खिडक्या रंगव, आत बघू नकोस. मला बघू नकोस म्हटलं की काय होतं, तुला माहीत आहे.

आत नव्या मॅडम शिकवत होत्या. त्यांची तऱ्हा निराळी. प्रत्येकाने आपल्या माणसांचं एखादं काम आणायचं आणि त्यातलं गणित सगळ्यांनी मिळून शोधायचं. एका मुलीने आजोबांच्या मासे धरायच्या जाळ्याचा तुकडा आणला होता. एक जण म्हणाला, आमच्या घरी सगळे वकील, मी भांडणच आणू शकतो. मी शिडीवर हसलो. मॅडमनी वर पाहिलं, तू काय आणशील रे? तोंडून निघून गेलं, टोपली.

दुसऱ्या दिवशी वर्गात बांबूच्या सहा कामट्या मधोमध एकमेकींवर आडव्यातिडव्या ठेवल्या, बारा टोकं झाली, एक पातळ पट्टी घेऊन विणायला लागलो. एकीवरून, एकीखालून. दुसऱ्या फेरीला पट्टी पुन्हा त्याच कामट्यांवरून जायला लागली आणि सगळं ढिलं पडलं. तीस जण बघतायत, माझे कान तापले. मग तुझी सुरी आठवली. बोलता बोलता तू एका टोकाला चीर देऊन त्याची दोन करायचीस. तेरा. मी चीर दिली आणि वीण बसली. बारावर का सुटतं ते आता सिद्ध करा, मॅडम म्हणाल्या, आणि तासभर फळा पुरला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलास?

आई, हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी जुन्या सरांनी विचारला होता. असंच सम-विषमाचं गणित मी एका ओळीत सोडवलं होतं. मी म्हणालो, पुस्तकात वाचलं. ते म्हणाले, कोणत्या? मी वही मिटून दप्तरात टाकली. त्यांना वाटलं, कॉपी केली. माझी आई टोपल्या विणते एवढं सांगितलं असतं तरी सुटलो असतो. वर्गासमोर मला तुझी लाज वाटली, आणि तुला मात्र सांगितलं की गणित झेपलं नाही. या वेळी सांगितलं. मॅडम म्हणतात, आईंना एकदा वर्गात आण आणि तूही परत बस. मी बसायचं की नाही ते तू ठरव. रागव हवं तर, पण ये. खुर्चीवरचा शर्ट काढून ठेवलाय.

तुझाच,
पायाला भिंगरी लावलेला