उलटा फिरणारा गाभा

१२ मे, ला सेरेना

उलटाच फिरतोय! माझ्या दीर्घिकेतले बाहेरचे तारे एका दिशेनं, गाभा बरोब्बर विरुद्ध. तीनदा तपासलं. म्हणजे कधीकाळी एक लहान दीर्घिका उलट्या वाटेनं येऊन या मोठीच्या पोटात शिरली, आणि तिचे तारे आत अजून आपल्याच दिशेनं फिरताहेत. गिळली गेली, पण ऐकलं नाही पठ्ठीनं!

माझी डॉक्टरेट यावर उभी राहील. ग्रिसेल्दाबाई, माझ्या मार्गदर्शक, म्हणाल्या, बाकी सगळं सोड, आधी हे लिही.

१५ मे

संध्याकाळच्या चहाला आईकडे. पाव, अवोकाडो. आईनं विचारलं, दोन दीर्घिका आदळल्यावर मोडतोड किती होते? म्हटलं, तारे आदळत नाहीत गं, फार लांब लांब असतात. दोघी मिसळतात, आकार जातो, पण कोण कुठून आलं याची खूण आत गाभ्यात राहते. "म्हणजे तुझ्या नोर्मा मावशीचं घर," आई म्हणाली. मावशीनं दोन मुलांच्या बापाशी लग्न केलं — अजून जेवायला दोन गट बसतात. पोट धरून हसलो.

१९ मे

चूक सापडली, माझीच.

बाईंची पद्धत आम्ही सगळेच पाळतो — पहिल्या रात्री गाभा, दुसऱ्या रात्री कडा. दुर्बिणीला नेम धरायला शेजारी एक ठळक तारा लागतो. दुसऱ्या रात्री तो सापडेना, म्हणून दुसऱ्या बाजूचा तारा धरायला उपकरण अर्धा फेरा फिरवलं. म्हणजे नंतर कडांचं चित्रही फिरवून सरळ करायला हवं, नाहीतर कडा उलट्या फिरताना दिसतात. मी केलंच नाही!

आज केलं. सगळं एकाच दिशेनं फिरतंय. कुणी कुणाला गिळल्याची खूण नाही. साधी दीर्घिका. शिष्यवृत्ती डिसेंबरात संपते. खूप रडले.

२० मे

सांगावं की गप्प बसावं? परीक्षकांना कळणारही नाही. सकाळभर हाच विचार केला, लिहायलाही लाज वाटते.

शेवटी बाईंकडे गेले. वाटलं, फाडून खातील. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"चित्र परत सरळ करायचं, हे मी तुला कधी सांगितलं होतं का?"

म्हटलं, नाही.

"मलाही कुणी सांगितलं नव्हतं," म्हणाल्या, आणि मला घरी पाठवलं.

२१ मे

बाईंचा फोन. ज्या दीर्घिकेमुळे त्यांचं नाव झालं, जिचा उलटा गाभा आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात, तिची जुनी निरीक्षणं त्यांनी काढून पाहिली. "चित्र सरळ केलं, तर तोही सरळच फिरतो गं. प्रबंध यावर लिही. चूक माझी, हे माझं नाव घालून लिही."