पट्ट्याची दोन भोकं

११ ऑक्टोबर, शुक्रवार

पोचलो. सहा तास गाडी चालवून कंबर धरली आहे. डोंगराच्या पायथ्याशी लाकडी खोली, तीन खाटा, एक खिडकी, गरम पाणी फक्त सकाळी सात ते आठ. हिने खिडकी उघडली, मिरचीने लगेच लावली.

(मिरची हे नाव फक्त या वहीत. तेरा वर्षांची आहे, हिच्या पहिल्या लग्नातली मुलगी. आमच्या लग्नाला आठ महिने झाले. आठ महिन्यांत तिने मला एकदाही हाक मारलेली नाही. काही हवं असलं की आईला म्हणते, "त्यांना सांग.")

उद्या घोड्यावरून डोंगरात फेरी. पाटीवर लिहिलंय — नवशिक्यांसाठी, दीड तास, सोबत गाईड. कल्पना हिची. म्हणे तिघांनी मिळून असं काहीतरी करू, ज्यात तिघंही सारखेच अडाणी. माझी घोड्याशी ओळख बुद्धिबळापुरती.

१२ ऑक्टोबर, शनिवार

क्रमाने लिहितो. कामावर तशीच सवय आहे.

सकाळी तबेल्यात फॉर्म भरला. वजन तीन किलो कमी लिहिलं. मालकाने फॉर्मकडे न बघता माझ्या पोटाकडे बघितलं आणि सगळ्यात आडवा घोडा माझ्या नावावर केला. गाईड तिशीची बाई, आवाज घोगरा, माणसांपेक्षा घोड्यांशी गोड बोलणारी. आम्हाला म्हणाली, "घोडा तुमच्याहून शहाणा आहे. त्याला शिकवायला जाऊ नका."

मिरचीला तिने आधी चढवलं, एका तपकिरी घोडीवर. खोगीर जागेवर राहतं ते पोटाखालून घेतलेल्या पट्ट्यामुळे. त्याला तंग म्हणतात. पहिल्यांदा आवळताना घोडी मुद्दाम पोट फुगवते, म्हणून जरा वेळाने परत आवळायचा. हे सगळं तिने आम्हाला नीट समजावून सांगितलं, दोन्ही वेळा तंग आवळला आणि हिला चढवायला पुढे गेली. घोडीने कान मागे पाडले, मान वळवून चावायला बघितलं. मी अजून जमिनीवर, शेजारीच उभा.

मिरची वरून म्हणाली, "हिला टोचतंय. इतकं घट्ट कशाला बांधलंय?"

आईला नाही. मला!

"थांब, बघतो," म्हणालो. तिला पाय पुढे घ्यायला लावला, खोगिराची झडप उचलली आणि पट्टा दोन भोकं सैल केला. बावीस वर्षं लिफ्टचे दोर, बोल्ट, ब्रेक तपासतोय. दुसऱ्याने आवळलेलं सैल करायचं नाही, हे नव्या माणसांना मीच पहिल्या दिवशी शिकवतो. पण ती म्हणाली, "आता बरं वाटतंय तिला," आणि हसली. बावीस वर्षं पाण्यात.

पहिली चाळीस मिनिटं छान गेली. माझा घोडा दिसेल त्या झुडपाला तोंड लावत होता, ही पुढून मागे वळून वळून हसत होती. मग कोरड्या ओढ्यात उतरायची वाट आली. घोडीने पाय खाली टाकला, हिसका बसला आणि खोगीर एका बाजूला फिरलं. मिरची त्याच्याबरोबर गेली — पोतं घसरावं तशी. घोडी जागच्या जागी थांबली, म्हणून वाचलो. डावं मनगट. खालच्या गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडाला तडा, सहा आठवडे प्लास्टर.

ओढ्यात गाईड गुडघ्यावर बसून पट्टा बघत होती. "हा सैल आहे," म्हणाली. मग स्वतःशीच, "मी दोनदा आवळला होता. आवळला होता ना?" आणि माझ्याकडे बघितलं, मी सगळ्यात जवळ होतो म्हणून. मी घोडीचा लगाम धरून उभा राहिलो.

लग्नाआधी हिने एकच अट घातली होती. "माझ्या मुलीच्या बाबतीत माझ्यापासून काही लपवायचं नाही. बाकी सगळं चालवून घेईन." पहिल्या संसारात लपवाछपवीनेच ती मेटाकुटीला आली होती. मी तेव्हा म्हणालो होतो, एवढंच ना?

१३ ऑक्टोबर, रविवार

परत सहा तास. मिरची मागच्या सीटवर झोपून. आरशात दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा तिचे डोळे उघडे होते, सरळ माझ्यावर.

तिच्या पायाशीच तर केलं सगळं. तिने बघितलंच असणार. मग बोलत का नाही? एक तर त्याचा पडण्याशी संबंध लावलेला नाही, नाही तर वेळ येईल तेव्हा वापरायला ठेवून दिलंय. तेरा वर्षांची असताना मी नक्कीच... छे, मी तेरा वर्षांचा असताना नक्कीच ठेवून दिलं असतं. साधं वाक्यही सरळ लिहिता येत नाही आज.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

जेवताना तबेल्याच्या मालकाचा फोन. हिने स्पीकर लावला. हात कसा आहे वगैरे झालं. मग म्हणाला, "गाईडला मी घरी बसवलंय. अकरा वर्षांत पहिली चूक, पण पट्टा सैल राहतो म्हणजे काय? तीही म्हणते, माझ्याकडूनच राहिलं असेल."

"बरोबर केलंत," ही म्हणाली. "माझ्या मुलीची मान मोडली असती."

मिरची चमचा ठेवून खोलीत निघून गेली. मी ताट संपवलं.

आमच्याकडे प्रत्येक लिफ्टची एक वही असते. ज्याने हात लावला त्याने सही करायची, नुसता बोल्ट पुसला तरी. सही न करता हात लावणाऱ्या दोघांना मी स्वतः कामावरून काढलंय. त्यातला एक रडला होता. मी म्हणालो होतो, नियम म्हणजे नियम.

१६ ऑक्टोबर, बुधवार

मालकाला फोन करायचा म्हणून लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो. तिथे रेंज नसते, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

मिरची डावखुरी. हात प्लास्टरमध्ये, शाळेचा गृहपाठ डोक्यावर, आणि हिची दवाखान्यात दुपारची पाळी. तेव्हा लेखनिक कोण? अस्मादिक.

ती समोर येऊन बसली. "लिहा," म्हणाली. पचनसंस्था. मी लिहिलं. तिने वही ओढून घेतली, उलटी केली, सुलटी केली. "हे लहान आतडं आहे की कोंबडीचे पाय?"

"लहान आतडं."

"आणि हे?"

"तेही लहान आतडंच. लांब असतं ना."

हसू दाबायला गेली आणि नाकातून आवाज आला. दोन तास बसलो. उठताना म्हणाली, "उद्या गणित आहे." म्हणजे उद्याही मीच!

तेव्हाच सांगता आलं असतं. सांगितलं तर हे दोन तास गेले. ही काय करेल ते तर विचारूच नये. मला ही मुलगी हवी आहे. एका परक्या बाईच्या नोकरीपेक्षा जास्त हवी आहे. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मी तसा नव्हतो असं म्हणता येणार नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

गणित. एक उदाहरण मी तिला सोडवून दाखवलं. चुकलं होतं, तिने दुरुस्त केलं.

२० ऑक्टोबर, रविवार

ही म्हणाली, "तुझं काहीतरी बिनसलंय. तिच्या हाताचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस. तुझा काय दोष त्यात?" आणि पाठीवरून हात फिरवला. शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

बस झालं. उद्या दुपारी मालकाला फोन. संध्याकाळी हिला. मग जे होईल ते.

२१ ऑक्टोबर, सोमवार

घरून फोन केला. एका दमात सांगून टाकलं — तंग मी सैल केला होता, गाईडचा काही दोष नाही.

मालक म्हणाला, "साहेब, ती गुरुवारपासून कामावर आहे. बुधवारी तुमच्या मुलीचा फोन आला होता. म्हणाली, घोडीला टोचत होतं म्हणून मीच सैल केला. आईला कळवू नका म्हणाली, घरी आत्ता कुठे बरं चाललंय." मग विचारलं, "आता मी कोणाचं खरं धरू?"

"माझं," म्हणालो.

ही सात वाजता येते. मिरची पलीकडच्या खोलीत वही उघडून बसली आहे. आधी तिच्याकडे जातो. काय बोलायचं ते ठरलेलं नाही.