गाडीचा पूर्वपक्ष

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (तूर्त कागदावरच. कंबर त्या आठ अंगांत मोडत नाही, पण तिच्या संमतीवाचून ती आठही जमिनीपर्यंत पोचत नाहीत, ही गोष्ट शास्त्रकारांच्या नजरेतून सुटलेली दिसते. कंबरेचं कारण यथावकाश येईल.) तुझा पाय कसा आहे हे मी विचारत नाही, कारण 'बरा आहे' हे उत्तर तू पाय मोडला त्या दिवशीही दिलं होतंस. त्याऐवजी असं विचारतो की पाण्याच्या टाकीकडे जाताना हात भिंतीला लावून चढतेस की नाही? खरं लिही. इकडे आम्ही कुशल आहोत. तुझी भावजय रोज प्रयोगशाळेत जाऊन लोकांचं रक्त तपासते आणि घरी येऊन माझं आटवते. मी शाळेत संस्कृत शिकवतो, म्हणजे बोलतो. शिकण्याची जबाबदारी समोरच्यांनी अद्याप स्वीकारलेली नाही. वर्षअखेरीस निवृत्त होईन, तेव्हा दोन्ही पक्ष सुटतील.

पत्रास कारण, गाडी. मागच्या पावसाळ्यात तू वर डोंगरावर रोपांच्या वाफ्यात घसरलीस, तेव्हा रुग्णवाहिका ओढ्यापर्यंत आली, तिच्या चालकाने पाण्याकडे पाहून दीर्घ चिंतन केलं आणि ती तिथेच थांबली. मग शेजाऱ्यांनी तुला भावोजींच्या बाजेवर घालून, कंबरभर पाण्यातून, दगड चाचपत अलीकडे आणलं. तो फोन तुझ्या भावजयीने घेतला होता. त्या दिवसापासून ती एकच सांगते आहे की ताईंनी आता खाली यावं, आपल्याकडे राहावं, कारण वर काही झालं तर तिथे पोचणार कोण? मीही तेच लिहीत आलो. त्यावर तुझं एका ओळीचं उत्तर आलं, 'आधी तुमची गाडी माझ्या दारात उभी करून दाखवा, मग तिच्यात बसायचं की नाही ते बघू.' तू हे थट्टेने लिहिलंस. पण तुझी भावजय थट्टा वाचत नाही, ती अहवाल वाचते. तिने तो करार समजून घडी घालून ठेवला. आमची सध्याची गाडी शाळेच्या फाटकातल्या उंचवट्यावरच नि:श्वास टाकते; तेव्हा चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी आणि ती जुनी हवी, कारण नवी घेणारी माणसं वेगळ्या वर्गातली असतात. (ती माणसं तसल्या गाडीतून दुकानापर्यंत जातात.)

आता तुला आपल्या आप्पांचा नियम आठवत असेलच. घरात कोणतीही वस्तू आणायची तर आधी एकाने तिच्याविरुद्ध, मन लावून, शक्य तेवढं प्रबळ बोलायचं, तो पूर्वपक्ष. तो पूर्ण ऐकून घेतल्यावरच दुसऱ्याने उत्तर द्यायचं आणि मग निर्णय. ज्याला वस्तू जास्त हवी असेल त्यालाच विरोधाचं काम, म्हणजे आंधळेपणा राहत नाही. एका छत्रीवरून हा वाद इतका रंगला होता की छत्री येईपर्यंत पाऊस संपला. तुला यातून लग्नाने सोडवलं, तुझी भावजय लग्नाने यात सापडली. आता तर ती माझ्यापेक्षा कडक आहे. पण ताई, आप्पांनी हा नियम घराच्या चार भिंतींसाठी केला होता. तो विक्रेत्याच्या अंगणात नेऊ नये, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हांला सुचलं नाही.

पहिली गाडी एका निवृत्त मोजणीसाहेबांची. या गृहस्थांनी उभा जन्म डोंगर मोजण्यात घालवला, आणि गाडीने त्यांच्याबरोबर. आता नजर अधू झाली म्हणून विकायची होती. पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. रंग कोणता ते सांगता येणार नाही, पण एके काळी होता. साहेबांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवला आणि नुसते बाजूला उभे राहिले. मला ती पाहताक्षणी आवडली, म्हणून नियमाप्रमाणे पूर्वपक्ष माझ्याकडे आला. मी कर्तव्यात कसूर केली नाही. खालच्या सांगाड्याला गंज आहे. टायरांच्या बाजूंना भेगा आहेत. गिअरबॉक्सखाली तेलाचा ओला डाग आहे. एक दार दोरीने बांधलं आहे. आणि हे स्टिअरिंग सूचना घेतं, आज्ञा घेत नाही. मी बराच वेळ बोललो. (आप्पा असते तर मान डोलावली असती.) साहेब प्रत्येक मुद्द्यागणिक थोडे थोडे बसत गेले. मग तुझ्या भावजयीने उत्तरपक्ष मांडला. तिने इंजिनातली तेलाची पट्टी काढली, तेल बोटांवर चोळलं, उजेडात धरलं आणि म्हणाली की तेल जुनं आहे पण यात पाणी नाही. गंज वरवरचा आहे, टोचून पाहिला, लोखंड आवाज देतं. लपवायला काही रंगवलेलं नाही. हिला सांभाळणाऱ्याने हिच्याकडून फार काम घेतलं आणि तेवढीच काळजी घेतली. आमच्या घरात यानंतर निर्णय होतो. तिथे मात्र साहेब डोळे पुसत उठले.

"बाई, तुम्ही आठवण करून दिलीत," ते म्हणाले. "आता नाही विकवत."

आणि त्यांनी शेडचं दार लावून घेतलं. अर्ध्या वादाने माणूस दुखावला, उरलेल्या अर्ध्याने गाडी गेली. परतताना तुझी भावजय बसमध्ये (आमची गाडी एवढा पल्ला गाठत नाही) एवढंच म्हणाली की पुढच्या वेळी पूर्वपक्ष ती करेल.

पुढची वेळ एका दलालाच्या आवारात आली. या गाडीचं वर्णन करायचं तर विशेषणं भरपूर होती, विशेष्याचा पत्ता नव्हता. छपरावर दिव्यांची रांग. खोल पाण्यात श्वास घेता यावा म्हणून बॉनेटच्या कडेने वर गेलेली नळी. मागे टांगलेलं फावडं, ज्याने मातीचं तोंड पाहिलं नव्हतं. चाकं अशी की नाकापेक्षा मोती जड. तुझी भावजय वाकून खाली बघून आली आणि तिचा पूर्वपक्ष एका दमात संपला, की खाली धूळसुद्धा नाही, म्हणजे ही कधी रस्ता सोडून गेलेली नाही. जिचा नमुनाच नाही तिचा अहवाल कसला द्यायचा. आता उत्तर देणं माझ्याकडे. मी म्हटलं की घराबाहेर न पडलेला विद्वान हाही विद्वानच असतो. (दृष्टांत देताना मी स्वतःकडे बोट केलं नव्हतं, तरी तिने माझ्याकडे पाहिलं.) शक्ती ही वापरली नाही म्हणून नाहीशी होत नाही, ती सुप्त असते, अव्यय राखलेल्या बळाला दोष देणं म्हणजे संयमाला दोष देणं. दलाल आ वासून ऐकत होता. थोड्या वेळाने 'साहेब म्हणतात तेच मी म्हणतो' असं म्हणू लागला, आणि दुर्दैव असं की त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते मलाही पटलं.

आवारामागे कोणाच्यातरी घराच्या पायासाठी खणलेल्या मऊ मातीचा ढीग होता. मी गाडीत बसलो, चारही चाकांचा दांडा ओढला आणि ढिगावर घातली. मागची चाकं गरगरली, माती उडाली, मी हळूहळू आकाशाकडे तोंड करून खाली जाऊ लागलो. बुडत्याचा पाय खोलात ही म्हण तयार करणाऱ्याने हाच प्रयोग केला असावा. तुझी भावजय काखेत पर्स धरून शेजारी उभी होती. तिने वाकून पाहिलं.

"पुढची चाकं नुसती श्रोते आहेत," ती म्हणाली.

दांडा खरा होता, ताई, पण तो गाडीच्या तळपत्र्यावर नुसता स्क्रूने बसवलेला होता आणि त्याचा पुढे कोणाशी संबंध नव्हता. दोनच चाकांची गाडी, चारांचा पोशाख करून उभी. पाण्याच्या टँकरने आम्हांला ओढून काढलं. दलाल माझ्यावर रागावला नाही, उलट खिन्न झाला. म्हणाला, तुम्ही इतकं सुंदर बोललात साहेब, की मलाच वाटायला लागलं की आहे. त्याच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. मी त्याची समजूत काढली आणि आम्ही पायी बसथांब्याकडे निघालो.

त्यानंतर काही दिवसांनी मोजणीसाहेबांचा फोन आला. मला नव्हे, तुझ्या भावजयीला. माझा पूर्वपक्ष त्यांनी मनात घोळवला होता, त्यातला शब्दन्‌शब्द खरा निघाला, म्हणून त्यांनी टायर बदलले, तेलाची गळती थांबवली, दार नीट केलं. आणि सगळं करून झाल्यावर ध्यानात आलं की आता हिला चालवायला आपल्याला दिसत नाही. शेडमध्ये उभी राहून ती गंजेल, त्यापेक्षा तिला काम असावं. फक्त ती कोणाच्या दारात जाणार आहे, ते विचारलं. तुझं, ओढ्याचं, बाजेचं सगळं ऐकल्यावर म्हणाले की देतो, पण पहिल्या खेपेला मी बरोबर येणार.

त्याआधी त्यांनी आम्हांला एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत नेलं. या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक चकती असते. ती खाली उतरून हाताने फिरवायची, मगच आतला दांडा खरा होतो. साहेबांनी ती नुसत्या बोटांनी चाचपून फिरवली, जुन्या रेडिओचं बटण फिरवावं तशी. मग समोरचा चढ. तो पाहून माझ्या मुखी जी स्तोत्रं आली ती मला पाठ आहेत हे मला माहीत नव्हतं. अर्ध्यावर चाकं घसरली, साहजिकच अॅक्सिलरेटरवरचा पाय घाबरून दाबला गेला, दगड मागे उडाले.

"पाय काढा," साहेब शांतपणे म्हणाले. "गाडीला जरा विचार करू द्या."

पाय निघाला. गाडी थांबली, हलकेच हुंकारली, आणि म्हातारा माणूस काठी रोवून जिना चढतो तशी, घाई न करता, वर गेली. आम्ही गाडी चढवली, हे महत्त्वाचं. माझी कंबर याच प्रसंगी गेली. तपशिलाची इतिहासाला गरज नाही.

तर गाडी घेतली. ती आमच्या इमारतीखाली उभी आहे. आणि इथेच घोडं पेंड खातंय. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर तुझी भावजय टेबल पुसता पुसता म्हणाली की एक वाद राहिला, ताईंना खाली आणायचं याचा. ते आपल्याला सगळ्यांत जास्त हवं आहे, मग त्याविरुद्ध कोणी बोललेलंच नाही. तुमची बहीण, तुम्ही बोला.

म्हणून मी तुझ्या बाजूने बोललो. तू वाफ्यांमधून सकाळी चालतेस ते सांगितलं. भावोजींनी बांधलेली कलमं आहेत, त्यांच्या अक्षरातल्या पट्ट्या अजून लटकताहेत, आणि शाई पुसट झाली की तू त्याच अक्षरावरून पेन फिरवतेस, ते सांगितलं. आमच्याकडे तुला मिळेल ती बाल्कनी. तिथे धुण्याचं यंत्र आहे आणि एक कुंडी, जिच्यात यंत्राचं पाणी जातं. इथे तू दिवसभर आम्ही कामावरून येण्याची वाट बघशील. वर तू कोणाची वाट बघत नाहीस, झाडं तुझी बघतात. पाय तिथे मोडला हे खरं, पण इथे तो न मोडता बसून राहील. मी बोलत राहिलो, ताई, आणि बोलता बोलता कळलं की हा पूर्वपक्ष मी नियमासाठी करत नाही आहे.

मग थांबलो आणि उत्तराची वाट पाहिली. तुझ्या भावजयीने फडकं पिळलं, वाळत घातलं.

"वर पोचणार कोण, एवढंच होतं माझ्याकडे," ती म्हणाली. "ते आता खाली उभं आहे."

आम्ही तुला आणायला म्हणून गाडी घेतली आणि तुला आणण्याचं एकमेव कारण त्या गाडीनेच काढून घेतलं. आप्पांच्या काळातही असा निकाल लागला नव्हता. तरी करार तो करार. येत्या रविवारी गाडी तुझ्या दारात उभी राहील. तिच्यात बसायचं की नाही ते तू बघायचंस. बसलीस तर एक फेरी मारून आणू आणि पुन्हा दारात सोडू. तुझी प्रकृती, तुझी झाडं आणि तुझा हट्ट, तिन्ही सांभाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. मोजणीसाहेबही आमच्याबरोबर येत आहेत. त्यांना दूरचं दिसत नाही, तेव्हा डोंगर दाखवत बसू नकोस, झाडं हाताला लागतील अशी दाखव. चहा बिनसाखरेचा.

ता. क. दुसरा. तुझ्या ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याला रविवारी दोर घेऊन ओढ्यापाशी उभं राहायला सांग. तो तिथे सहज आला आहे असं वाटलं पाहिजे. गाडीवर माझा विश्वास आहे, पण तिला ते कळवण्याची घाई नाही.

ता. क. तिसरा. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी खोड तुला ठाऊक आहे, म्हणून लिहूनच टाकतो. भावोजी जिथे कलमांची हत्यारं ठेवत ती मागची खोली अजून रिकामी असेल तर कोणाला देऊ नकोस. वर्षअखेरीनंतर मला सकाळी कुठे जायचं नसेल. कलम बांधता येत नाही, पण पट्ट्यांवरून पेन फिरवता येईल, अक्षर बरं आहे. हे तुझ्या भावजयीला अजून सांगितलेलं नाही. ती शहरात रमलेली बाई. तिच्यासमोर पूर्वपक्ष कसा मांडावा या विचारात आहे.

ताई, नमस्कार. यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, ते वाचूनच घातलं. खाणीत गाडी मी चालवली. पाय काढायला मला सांगितलं होतं. हे मागच्या आडव्या बाकावर डोळे मिटून होते, तिथेच कंबर गेली. ट्रॅक्टर नको, मी आणते वर. मागच्या खोलीत दोन खाटा मावतील का, ते मात्र बघायला हवं. तुम्ही त्या पायाने वाकून मोजू नका. मोजायला माणूस बरोबर घेऊनच येतो आहोत.